अर्ध्या सेंटचा सेल्स टॅक्स: आपल्या काउंटीचा पैसा कशावर खर्च व्हावा?

रानजाई
बे एरियातल्या मंडळींनो, नोव्हेंबर २०२६ च्या मतपत्रिकेवर सार्वजनिक वाहतुकीसाठी नवा सेल्स टॅक्स आणायचं घाटतंय, हे बहुतेकांच्या कानावर आलं असेल. त्याचा कायदा ऑक्टोबर २०२५ मध्ये सही होऊन झाला. अलामेडा, काँट्रा कोस्टा, सॅन मटेओ आणि आपली सांता क्लारा या चार काउंट्यांत डॉलरमागे अर्धा सेंट, सॅन फ्रान्सिस्कोत एक सेंट. मुदत १४ वर्षं. सगळं मिळून वर्षाला जवळजवळ १ अब्ज डॉलर जमतील असा अंदाज आहे.

यातला मोठा भाग बार्ट, म्युनी, कॅलट्रेन आणि एसी ट्रान्झिट या इथल्या रेल्वे-बस सेवा चालू ठेवण्यासाठी आहे. पण आपल्या काउंटीचा बराचसा वाटा व्हीटीएकडे, म्हणजे काउंटीच्या वाहतूक संस्थेकडे, येणार आणि तो कसा वापरायचा याची त्यांना बरीच मोकळीक आहे. बसफेऱ्या वाढवता येतील, बांधकाम करता येईल, बस जातात ते रस्तेही दुरुस्त करता येतील. तुमच्या हातात असतं तर तुम्ही हा पैसा कुठे घातला असता?

माझं कारण घरातलंच आहे. आई ७१ वर्षांची, नाशिकहून सहा महिन्यांसाठी आली आहे. तिकडे रोज सकाळी एकटी जाऊन भाजी आणते, भजनाला जाते, बँकेचं काम स्वतः करते. इथे सनीवेलला ती दिवसभर खिडकीशी बसलेली असते. बसथांबा चालत आठ मिनिटांवर आहे, पण बस अर्ध्या तासाने आणि रविवारी तासाने. एकदा चुकली की ती घरी परत येते. म्हणून माझं मत असं की पैसा बसफेऱ्यांना द्यावा. नवरा म्हणतो, रस्त्यांना द्या, बसने जातं कोण? तुम्हाला काय वाटतं?

फ्रीमाँटकर
आधी बार्ट वाचवा, मग बाकीचं. मी १२ वर्षं बार्टने जातोय. महामारीच्या आधी बार्टचा चालवण्याचा निम्म्याहून जास्त खर्च तिकिटांतूनच निघायचा. अमेरिकेत असं फार थोड्या ठिकाणी होतं. आता ऑफिसची मंडळी आठवड्यातून दोन-तीनच दिवस येतात, त्यामुळे ते गणित मोडलं. यात चालवणाऱ्यांची चूक नाही.

टॅक्स म्हणाल तर फ्रीमाँटला आत्ताच १०.२५ टक्के आहे, तो १०.७५ होईल. मी तरी आनंदाने देईन. बे ब्रिजवर अजून गाड्या आल्या तर काय होईल याचा विचार करा.

चिंचगूळ
मी घरखर्चाची वही ठेवते, म्हणून सांगते. वाण्याकडचं सामान यात येत नाही. डाळ, तांदूळ, पीठ, भाजी, दूध यांवर कॅलिफोर्नियात सेल्स टॅक्स नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांवरही नाही. कुकर घेतला की आहे. गरम समोसा घेतला की आहे, पाकिटातल्या चिवड्यावर नाही. १९९१ मध्ये खाऊच्या पाकिटांवर टॅक्स लावला होता, लोकांनी पुढच्याच वर्षी मतदान करून तो काढला.

शंभर डॉलरच्या खरेदीवर अर्धा सेंट म्हणजे पन्नास सेंट जास्त. चाळीस हजारांची गाडी घेतली तर दोनशे डॉलर. आणि शेजारच्या काउंटीत जाऊन गाडी घेतली तरी सुटका नाही, गाडीचा टॅक्स ती जिथल्या पत्त्यावर नोंदवता तिथला लागतो.

पेठकर
माझा विरोध आहे, आणि तो चिडून नाही, हिशेब करून आहे. सांता क्लारात वाहतुकीसाठी आत्ताच किती सेल्स टॅक्स आहे ते मोजा. १९७६ चा अर्धा सेंट, कायमचा. २००० चा अर्धा, ३० वर्षांचा. २००८ चा एक अष्टमांश, बार्ट चालवण्यासाठी. २०१६ चा मेझर बी (मतदारांपुढे ठेवलेल्या प्रस्तावाला इथे मेझर म्हणतात), पुन्हा अर्धा, पुन्हा ३० वर्षं. २०२० चा एक अष्टमांश, कॅलट्रेनसाठी. बेरीज पावणेदोन. शंभर डॉलरच्या कुकरमागे पावणेदोन डॉलर आपण वाहतुकीला देतोच आहोत.

त्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये काउंटीचा मेझर ए मंजूर झाला, पाच अष्टमांश. १ एप्रिल २०२६ पासून सनीवेलचा दर ९.१२५ वरून ९.७५ टक्के. वर हा नवा अर्धा आला की १०.२५. कमी पगाराच्या माणसाच्या मिळकतीतला जास्त हिस्सा खरेदीत जातो, त्यामुळे हा कर त्यालाच जास्त बोचतो. आधीच्या पावणेदोन सेंटांचं काय झालं ते सांगा, मग पुढचा अर्धा मागा.

बोगदा
पेठकर, बेरीज बरोबर आहे. पण "काय झालं" याचं उत्तर कागदावर आहे आणि ते वाचण्यासारखं आहे. मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून मेझर बी २०१६ ची वाटणी पाठ आहे. ३० वर्षांचे ६.३ अब्ज डॉलर धरले होते. त्यातले दीड अब्ज बार्टच्या सॅन होजेतल्या टप्प्याला, १.२ अब्ज गावोगावच्या रस्त्यांना, ७५ कोटी हायवेच्या इंटरचेंजना, तेवढेच काउंटीच्या एक्स्प्रेसवेना, ७० कोटी कॅलट्रेनचे रूळ आणि रस्ते वेगळे करायला, ३५ कोटी ८५ नंबरच्या मार्गाला, जवळजवळ ३१ कोटी कॅलट्रेनची क्षमता वाढवायला, २५ कोटी सायकल आणि पादचाऱ्यांना.

आणि बस-रेल्वे प्रत्यक्ष चालवायला ५० कोटी. शंभरातले आठ!

शिवाय हा पैसा लगेच हातातही आला नाही. कर २०१७ पासून गोळा होत होता, पण कोर्टातल्या दाव्यामुळे २०१९ उजाडेपर्यंत तो बाजूला ठेवावा लागला. रानजाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या यादीतच आहे. आपल्याकडे बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. पुलाची कोनशिला बसवता येते. दर दहा मिनिटांनी येणाऱ्या बसची कोनशिला कुठे बसवणार?

नवखा_एच१
मी इथे सहा वर्षं आहे. टॅक्स भरतो, मत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत कितवा आहे ते विचारूही नका. बायको एच४ वर, म्हणजे माझ्याच व्हिसाच्या आधारावर आहे, गाडी चालवायला नुकतीच शिकते आहे. तोवर तिचं जग म्हणजे अपार्टमेंट आणि बसचा रूट. मत नसलेल्या माणसाने या चर्चेत काय करायचं?

खडीसाखर
@नवखा, बोलायचं. व्हीटीएच्या बोर्डाच्या बैठकीत जनतेसाठी वेळ राखून ठेवलेला असतो, तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही. मी स्वतः मत मिळायच्या आधी दोनदा बोलले आहे. पहिल्यांदा आवाज थरथरत होता, पण ऐकून घेतात.

आता मेझर ए बद्दल, कारण मी नर्स आहे आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. केंद्राने मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यात, कपात केली, त्याचा घाव काउंटीच्या चार सरकारी हॉस्पिटलांवर येणार होता, म्हणून तो टॅक्स पाच वर्षांसाठी मागितला. मी त्यासाठी दारोदार फिरले. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तो "सर्वसाधारण" कर आहे. प्रचारात हॉस्पिटलचं नाव होतं, पण कायद्याने तो पैसा काउंटीच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. तसा कर निम्म्याहून एक मत जास्त मिळालं तरी मंजूर होतो. अमुकच कामासाठी असं लिहून बांधलेला कर सरकारी संस्थेने आणला तर दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणून बरेच जण न बांधलेलाच आणतात. पैसा हॉस्पिटललाच मिळेल असा माझा विश्वास आहे, तरी पुढची पाच वर्षं मी त्यावर डोळा ठेवणार आहे.

वाहतुकीचा हा नवा कर बांधलेला आहे. नागरिकांच्या सह्या गोळा करून मतपत्रिकेवर आणला तर मात्र त्याला साधं बहुमत पुरतं, तशी सोय कायद्यातच ठेवली आहे.

सातारी_कंदी
बांधलेला कर म्हटल्यावर आपलाच व्यवसाय कर आठवला. महाराष्ट्रात पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, वर्षाचे २५००, तो १९७५ चा कायदा. कशासाठी? रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांनी ती योजना लावून धरली, आणि शहरातल्या पगारदाराकडून कर घेऊन तो गावातल्या मजुराच्या कामाला बांधून टाकला. जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम राज्याने स्वतःची घालायची, हेही त्यात होतं.

माझे आजोबा, अण्णा, त्याच योजनेत पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होते. वडील पुढे मुंबईत कारकून झाले. पगारातले ते पैसे कापले गेले की म्हणायचे, "हे अण्णांच्या तलावाचे." कर भरताना माणूस असं म्हणू शकला पाहिजे. म्हणून माझं मत बांधलेल्या कराला, आणि बांधणी जितकी घट्ट तितकी चांगली.

पेठकर
सातारी, ही पोस्ट फार आवडली. पण मग माझाच मुद्दा पुढे येतो. कुठलं काम ते आधी लिहा, मग कर. "मोकळीक आहे" हे शब्द मला टोचतात.

दादर_टीटी
मुंबईचं उदाहरण देतो. बेस्टमध्ये वीज आणि बस एकाच छताखाली. वर्षानुवर्षं विजेच्या पैशातून बसचा तोटा भरला जायचा. तो आधार गेल्यावर बसचे काय हाल झाले ते दादरच्या कुठल्याही थांब्यावर उभं राहिलं की कळतं. बस तिकिटावर कधीच पूर्ण चालत नाही, कुठेही नाही. तिच्या मागे कोणीतरी उभं राहावं लागतं. पुण्यात पीएमपीएमएलचा तोटा पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०-४० असा उचलतात. इथे तो कुकर उचलतोय. :)

@चिंचगूळ, गरम समोशावर टॅक्स आणि गार समोशावर नाही? मग मी गार घेऊन घरी गरम करणार.

चिंचगूळ
दुकानात बसून खाल्लात तर गारवरही लागतो. घरी नेलात तर नाही. ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइटवर दहा मिनिटं ठेवा, मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको, पारी चिवट होते.

फ्रीमाँटकर
धागा समोशाकडे वळायच्या आत एक शंका. सेल्स टॅक्सच का? ज्यांची घरं वीस-वीस लाख डॉलरची आहेत त्यांच्या घरपट्टीतून का नाही?

बोगदा
कारण १९७८ चा प्रॉप १३ हा मतदानाने झालेला राज्याचा कायदा. घरपट्टीचा मूळ दर एक टक्क्यावर बांधला गेला आणि घराचं करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्केच वाढू शकतं, घर विकेपर्यंत. १९८० मध्ये घेतलेल्या घरात राहणारा आणि शेजारी परवा घर घेतलेला, दोघांच्या घरपट्टीत जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे गावं आणि काउंट्या पैसा लागला की सेल्स टॅक्सकडे वळतात. राज्यभराचा पाया ७.२५ टक्के, वरचं सगळं असं सेंट-सेंट करून चढलेलं आहे. पेठकर म्हणतात तसा तो गरिबाला जास्त बोचतो, यात वाद नाही. म्हणून तर तो पैसा गरिबाच्या उपयोगी पडला पाहिजे, आणि बसमध्ये कोण बसतं ते एकदा बघून या.

बार्टच्या बोगद्याबद्दल, माझं नावच ते आहे म्हणून. सॅन होजेतल्या बेरीएसापर्यंत बार्ट जून २०२० मध्ये आली. पुढचा टप्पा सहा मैल आणि चार स्टेशनं: लिटल पोर्तुगाल, डाउनटाउन, डिरिडॉन आणि सांता क्लारा. एके काळी ४.७ अब्जांचा अंदाज होता, तो १२ अब्जांच्या पुढे गेला. केंद्राने ५.१ अब्जांचं वचन दिलं आहे. मला तो बोगदा हवा आहे, मनापासून. सॅन होजेच्या मध्यापर्यंत बार्ट नसणं ही साठ वर्षांची चूक आहे. पण या नव्या अर्ध्या सेंटातला एकही डॉलर त्या खड्ड्यात जाऊ नये. त्याला २००० चा आणि २०१६ चा कर आहे. बोगदा तयार होईतो २०३०चं दशक बरंच सरलेलं असेल. रानजाईंच्या आईंना बस या वर्षी हवी आहे.

उंबरठा
मी बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहिते. वय ६८, मिल्पिटासला मुलाकडे कायमची आले त्याला नऊ वर्षं झाली. गाडी चालवत नाही, आता शिकणारही नाही.

पहिली दोन वर्षं रानजाईच्या आईसारखीच खिडकीत गेली. मग नातवाने सीनियर क्लिपर कार्ड, म्हणजे ज्येष्ठांचं बस-रेल्वेचं सवलतीचं कार्ड, काढून दिलं. बसला अडीच डॉलरऐवजी एक डॉलर पडतो, बार्टलाही सवलत. पहिल्या दिवशी त्याने माझ्यासोबत येऊन कार्ड कसं टेकवायचं ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. बसमध्ये एक फिलिपिनो बाई रोज भेटायची, हॉस्पिटलात साफसफाईच्या पाळीला जाणारी. आम्हा दोघींचं इंग्रजी सारखंच, त्यामुळे छान जमायचं. पाळी सकाळी सहाला सुरू, म्हणून ती पावणेपाचला घर सोडायची. बस एक चुकली की अर्ध्या दिवसाचा पगार जायचा.

२०२५ च्या मार्चमध्ये व्हीटीएचा संप झाला, सतरा दिवस. चालकांचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यांनाही घरं चालवायची असतात. पण ती बाई त्या दिवसांत कशी गेली असेल हा विचार माझ्या मनातून जाईना. पुन्हा भेटल्यावर विचारलं, तर म्हणाली, चालत, दीड तास. आणि हसली.

एका थांब्यावर मी चाळीस मिनिटं उन्हात उभी राहिले आहे, बाक नाही, सावली नाही. कुठला ते सांगत नाही. गुडघ्यांनी पुढचे दोन दिवस आठवण ठेवली. तुम्ही सगळी शिकलेली माणसं अब्जांचं बोलता, ते मला कळतं. पण मला विचाराल तर दोन गोष्टी: बस लवकर-लवकर यावी आणि ती येईतो बसायला बाक असावा.

नवखा_एच१
उंबरठा काकू, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. उद्या ती एकटी बसने लायब्ररीत जाणार म्हणते आहे.

उंबरठा
जाऊ दे तिला. खाली उतरताना मागच्या दाराने उतरायचं, आणि चालकाला थँक यू म्हणायचं, इथे सगळे म्हणतात.

खडीसाखर
पहाटेच्या पाळीचं काकूंनी सांगितलं ते शंभर टक्के. आमच्या वॉर्डात अर्धी माणसं बसवर अवलंबून आहेत. ऑफिसच्या वेळेला फेऱ्या वाढवून त्यांना काही मिळत नाही. पहाटे, रात्री आणि रविवार, तिथे पैसा घाला. एल कमिनोवरून जाणारी २२ नंबर पाहा, पालो आल्टोपासून सॅन होजेच्या पूर्वेला ईस्टरिजपर्यंत. ती भरून जाते, कारण तिचा भरवसा आहे.

पेठकर
उंबरठा काकूंचं वाचून थांबलो. माझं मत पूर्ण बदललं असं नाही. पण एक अट घालून मी "हो" म्हणेन: आपल्या काउंटीचा वाटा किमान निम्मा तरी फेऱ्यांनाच, असं बोर्डाने मतदानाच्या आधी ठराव करून सांगावं. ठराव पुढचं बोर्ड फिरवू शकतं हे मला माहीत आहे. तरी लिहिलेलं असलं की विचारता येतं. रस्त्यांच्या डांबराला २०१६ चे १.२ अब्ज आहेत, बोगदा म्हणतात तसं.

बोगदा
निम्मा कमी आहे. मी तीन चतुर्थांश म्हणेन, आणि उरलेल्यात थांबे: बाक, छप्पर, दिवा. थांब्याचं काम बांधकामातच मोडतं आणि त्याला बोगद्याच्या मानाने काहीच लागत नाही.

फ्रीमाँटकर
मी अलामेडाचा असून तुमच्या बाकासाठी भांडायला तयार आहे. फक्त बार्टला विसरू नका. काकू सॅन फ्रान्सिस्कोला जातील कशाने?

रानजाई
सगळ्यांचं वाचलं. बोगदा यांनी दिलेली ती ५० कोटींची ओळ नवऱ्याला दाखवली. त्याने आधी विश्वास ठेवला नाही, मग स्वतः शोधून पाहिली आणि "आठच टक्के?" एवढंच म्हणाला. तो आता रस्त्यांच्या बाजूने नाही, पण पेठकरांच्या अटीच्या बाजूने आहे.

आईला उंबरठा काकूंची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्या बाईंना विचार, कार्ड कुठे मिळतं." काकू, सांगाल का?

व्हीटीएच्या बोर्डाची बैठक महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, संध्याकाळी साडेपाचला, सॅन होजेत वेस्ट हेडिंग स्ट्रीटवर ७० नंबरच्या काउंटीच्या इमारतीत असते. मी जाणार आहे. आई पण येते म्हणते. तिला मराठीत दोन वाक्यं बोलायची आहेत, मी इंग्रजीत सांगेन. अजून कोण येतंय?

नवखा_एच१
आम्ही दोघं येतो.

खडीसाखर
माझी त्या दिवशी रात्रपाळी आहे, त्याआधी येऊन बोलून जाते. बोलायची चिठ्ठी विषय सुरू व्हायच्या आधी द्यायची हे लक्षात ठेवा, आणि वेळ एक-दोन मिनिटंच मिळतो, तेव्हा घरी घड्याळ लावून बोलून पाहा.

उंबरठा
रानजाई, कार्डासाठी वय दिसेल असा कागद लागतो, आईंचा पासपोर्ट चालेल. अर्ज ऑनलाइन भरता येतो, नातवाने तसंच केलं होतं. तोवर रोख एक डॉलर पेटीत टाकला तरी चालतं, फक्त सुटा हवा, चालक मोड देत नाही.

मी पण येते. व्हीटीएच्या रेल्वेने, ग्रीन लाइनच्या सिव्हिक सेंटर स्टेशनवर उतरलं की इमारत जवळच आहे. आईंना सांग, पाचला मी फलाटावर उभी असेन, निळी साडी.